वहिनींसाठी केलेली प्रार्थना

मला प्रार्थना चांगली करता येते. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. एखाद्याला पोहता येतं किंवा गाडी चालवता येते, तसंच ते आहे. काचीगुड्याच्या आमच्या मराठी मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाच्या मुलीची परीक्षा असली, कुणी नवं घर घेतलं, की लोक माझ्याकडे वळून म्हणतात, "भाऊ, तुम्ही करा." मी उभा राहतो, डोळे मिटतो आणि शब्द येतात. माझे वडील मराठवाड्यातून इथं कंपाउंडर म्हणून आले आणि त्यांची मराठी शेवटपर्यंत तिकडचीच राहिली. ती माझ्याकडे आली. आमच्यातली तरुण मुलं आता तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी मिसळून बोलतात, मराठी शास्त्रपाठ अडखळत वाचतात. त्यामुळे माझी सरळ मराठी ऐकली की म्हातारी माणसं डोळे पुसतात. मला ते आवडायचं. पन्नाशी ओलांडल्यावरही आवडायचं.

आमची मंडळी लहान आहे. एका तेलुगू चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी तीनला आमची उपासना होते, कारण सकाळी तो हॉल त्यांना लागतो. त्याशिवाय दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना असते, पाळीपाळीनं एकेका घरी. सतरंजी, चार खुर्च्या, एक गीत, एक पाठ आणि मग प्रार्थनेचे विषय. ज्याला जे हवं ते त्यानं सांगायचं: गुडघा, नोकरी, भाड्याची खोली, सुनेचं बाळंतपण. जो प्रार्थना करणार, त्यानं हे सगळं लक्षात ठेवून एकेक गोष्ट देवापुढे मांडायची. आमच्यात एकमेकांची खबर अशीच कळते.

या पद्धतीत एक फट आहे. ती आम्हा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्याविषयी कुणी बोलत नाही. जी गोष्ट एखाद्याच्या तोंडावर सांगायची हिंमत होत नाही, ती डोळे मिटून देवाला सांगता येते, आणि खोलीतले सगळे ती ऐकतात. मध्येच उठून कुणी "असं नाही" म्हणत नाही. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं.

अंबरपेठेत आमचं दोन मजली घर आहे. खाली वहिनी राहतात, वर मी आणि माझी बायको. माझा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. गल्लीत कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की लोक त्यांचंच दार वाजवतात. पलीकडच्या मुसलमान घरातल्या म्हाताऱ्या मावशी, ज्यांना सगळी गल्ली खाला म्हणते, त्यांच्या पायाला साखरेमुळे जखम झाली आहे. ती धुवायला वहिनी रोज सकाळी जातात, आणि खाला त्यांना रोज शिव्या देतात, कारण दुखतं. वहिनी हसत परत येतात. मंडळीत मात्र त्या कधी पुढे येऊन बोलल्या नाहीत. मागे, दाराजवळ बसायच्या.

गेल्या वर्षी एकदा मी ब्लडप्रेशर मोजून घ्यायला खाली गेलो होतो. माझ्या दंडाला पट्टा बांधून त्या रबरी फुगा दाबत होत्या आणि काट्याकडे बघत बघतच त्यांनी ते सांगितलं. "भाऊजी, हे गेल्यापासून मला प्रार्थना होत नाही. डोळे मिटते, आणि तिथं कुणी नसतं. शुक्रवारी येते, बसते, आमेन म्हणते. खोटं वाटतं मला ते. पण न येणं त्याहून वाईट वाटतं. कुणाला बोलू नका." मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. त्या वेळी मला खरंच भरून आलं होतं. तुमचं येऊन बसणं हीच प्रार्थना आहे, असंही मी त्यांना म्हणालो. चांगलं बोललो होतो मी.

त्यानंतर महिनाभरानं माझ्या घरात अबोला सुरू झाला. तो मीच सुरू केला होता. मी भांडत नाही, आवाज चढवत नाही, कधी हात उगारलेला नाही. मी बोलणं बंद करतो. कारण नेहमीच किरकोळ असतं. त्या वेळी बायकोनं मला न विचारता तिच्या बहिणीकडे निजामाबादला आठ दिवस जायचं कबूल केलं होतं. ती गेली नाही, तरीही मी बोललो नाही. ताट समोर आलं की जेवायचं, डबा उचलून कारखान्यात जायचं. अगदीच गरज पडली तर भिंतीकडे बघून "गॅस संपत आलाय" असं म्हणायचं. आणि रविवारी उपासनेआधी हाच मी मुलांना आत्म्याची फळं शिकवत होतो. प्रेषितानं आपल्या पत्रात दिलेली नऊ फळं, म्हणजे नऊ गुण, प्रीतीपासून संयमापर्यंत. मुलं बोटांवर मोजत म्हणायची, आणि जो अडेल त्याला मी प्रेमानं पुढचा शब्द सांगायचो.

त्या शुक्रवारी प्रार्थनेची पाळी वहिनींच्या घरी होती. सकाळी कारखान्यात जाण्याआधी मी वरून खुर्च्या खाली नेऊन ठेवत होतो. वहिनी कोथिंबीर निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "वर बारा दिवस झाले, आवाज नाही." मी म्हणालो, कामाचा ताण आहे.

"हौ, असेल. तिलाही आहे." मग जरा हसून म्हणाल्या, "पोरांकडून नऊ फळं पाठ करून घेता, भाऊजी. वरच्या मजल्यावर त्यातलं एखादं लागतं का हो?"

वहिनीनं दिराला मारावा तसा टोमणा होता तो. त्यात विष नव्हतं. मी शेवटची खुर्ची ठेवली आणि निघालो. बसमध्ये उभं राहून मी मनात उत्तरं जुळवत होतो. दिवसभर लेबलं तपासताना जुळवत होतो. मी औषधांच्या कारखान्यात आहे. बाटलीवरचं लेबल आणि आतला माल एकच आहे ना, हे बघणं माझं काम. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. असं मला वाटत होतं.

संध्याकाळी आठ घरांची माणसं आली. गीत झालं, पाठ झाला, विषय सांगून झाले. वहिनींनी काहीच विषय सांगितला नाही. मंडळीचे पाळक म्हणाले, "भाऊ, तुम्ही करा." मी उभा राहिलो. गुडघा झाला, नोकरी झाली. मग मी आवाज खाली आणला. तो कुठं खाली आणायचा हे मला कळतं. मी म्हणालो की, प्रभू, याच घरात एक जीव तहानलेला आहे. दुःखानंतर तिचे ओठ तुझ्यासाठी मिटले आहेत. ती आमच्यात बसते, पण तिचं अंतःकरण तुझ्यापासून दूर गेलं आहे, ती डोळे मिटते आणि तू तिला दिसत नाहीस. आमच्या बहिणीला परत आण. एका बाईनं हुंदका दिला. कुणी "हो प्रभू, हो प्रभू" म्हणत होतं. माझा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा भरून आलेला नव्हता, हे कसं ते मला आजही समजत नाही.

डोळे उघडले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात गेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना चहा आणून दिला. मला साखर चालत नाही, माझा कप वेगळा होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, आणि कान तुटणार नाही अशा बाजूनं धरायला सांगितलं, कारण तो तडकलेला होता.

मी काय केलं हे मला नंतर हळूहळू कळलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. वाक्य तोंडातून निघत होतं तेव्हाच मला माहीत होतं. सकाळच्या टोमण्याचं उत्तर मला सापडलं होतं, आणि ते मी देवाच्या नावावर देत होतो.

पुढच्या दोन आठवड्यांत लोक वहिनींकडे येऊ लागले. शिवणकाम करणारी एक बाई अभिषेकाच्या तेलाची बाटली घेऊन आली. दोघी तिघींनी तीन दिवसांचा उपास सुचवला. एकानं फोनवर प्रवचनं पाठवली, रोज एक. पुण्याला दिलेल्या पुतणीपर्यंत गोष्ट पोचली आणि तिनं फोन करून आईला विचारलं, तुझा विश्वास गेला असं म्हणतात ते खरं का? वहिनींनी रविवारी यायचं बंद केलं, मग शुक्रवारीही. मंडळीत कुणी त्यांची चौकशी केली की मी मान खाली घालून म्हणायचो, प्रार्थनेत आठवण ठेवा.

मी कदाचित असाच राहिलो असतो. पण पाळकांनी मला एका रविवारी प्रीती आणि आत्म्याची फळं यांवर बोलायला सांगितलं. मी बोललो. कारखान्यातला दाखला दिला: बाटलीवर लेबल कितीही सुबक चिकटवा, आजाऱ्याला बरं करतं ते आतलं औषध. लोकांना तो फार आवडला. एक आजोबा माझा हात हातात घेऊन रडले. मला खरं तर आशा होती की त्या दिवशी माझी जीभ अडखळेल. मला वाटत होतं, देव निदान तेवढं तरी करेल. पण शब्द नेहमीसारखेच आले, नेहमीपेक्षा जास्तच चांगले. तेव्हा मी घाबरलो. आत काहीही असलं तरी माझा आवाज असाच येणार होता.

मी ठरवलं की पुढच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करायचं. काय बोलायचं ते जवळजवळ पाठ झालं होतं. ते वहिनींना आधी सांगावं म्हणून मी खाली गेलो. त्या खालांसाठी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कापत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: माझा राग, ती प्रार्थना, आणि आता मी काय करणार आहे ते. त्यांनी कात्री थांबवली नाही.

"म्हणजे परत मंडळीसमोर उभं राहणार. परत मलाच मध्ये उभी करणार. आणि परत लोक तुमच्यासाठी रडणार," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून बसलो.

"माफी मागायचीय ना? मग घरोघर जा. त्या दिवशी जी माणसं बसली होती, त्या एकेकाच्या घरी. सांगा की, मी रागात बोललो, तिनं मला विश्वासानं सांगितलेलं मी वापरलं. एवढंच. आणि निघताना प्रार्थना करायची नाही, कुणी कितीही म्हटलं तरी नक्को." मग पट्ट्यांची घडी घालत म्हणाल्या, "मी येईन की नाही मंडळीत, ते त्यावर नाही. ते माझं मी बघेन. आणि शेवटचं घर वरचं. तीही बसली होती त्या दिवशी."

मी बाहेरच्या घरांपासून सुरुवात केली. ती सोपी होती म्हणून.

स्टेशनमागच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहतात. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि ते मलाच समजावू लागले, अहो, हेतू चांगला होता ना, मग झालं. त्यांच्या बायकोनं उस्मानिया बिस्किटं पुढे केली. निघताना त्या सवयीनं डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, आज प्रार्थना करणार नाही. "मग निघायचं कसं?" त्यांनी खरोखरच गोंधळून विचारलं. आम्ही तिघंही दारात तसेच उभे राहिलो. शेवटी मी चपला घातल्या आणि जिना उतरलो. जिन्यावर मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

शिवणकाम करणारी बाई चिडली. तिनं मशीन थांबवून विचारलं की, मग मी तेलाची बाटली घेऊन त्या माउलीच्या दारात गेले ती कशासाठी? तुमच्या भांडणासाठी? तिचं बरोबर होतं. पाळकांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं की हे वाढवू नका, मंडळी लहान आहे, लोकांचा तुमच्यावर विश्वास आहे, तो गेला तर उरलेली चार पोरंही इंग्रजी उपासनेला जातील. तेही काळजीपोटीच बोलत होते. मी त्यांचं ऐकलं नाही, पण आठवडाभर कुठं गेलोही नाही. मला निमित्त मिळालं होतं.

सहावं घर ज्यांचं होतं ते गृहस्थ बेगम बाजारात सुक्या मेव्याच्या घाऊक दुकानात कामाला आहेत. घरी कधी सापडत नाहीत म्हणून मी दुकानातच गेलो. खारकांच्या पोत्यांमधल्या जागेत, हमाल ये-जा करत असताना, मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, माझ्या वेळीही रागात होता का?"

मला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच घरी मी देवाला विनवलं होतं की आमच्या या भावाला दारूच्या बंधनातून सोडव. तेव्हा मुलीला बघायला आलेली माणसं सतरंजीवर बसली होती, हे त्यांनी आता सांगितलं. पिणं त्यांनी त्याआधी चार महिने सोडलेलं होतं. ते घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सोयरीक मोडली.

मी म्हणालो, नाही, त्या वेळी मी रागात नव्हतो.

"मग?"

त्या वेळी मला वाटलं होतं की मी त्यांच्यावर प्रीती करतो आहे. राग असता तर निदान एकदाच घडलं असं म्हणता आलं असतं. परत येताना मी बस सोडून दिली आणि बराच वेळ चालत राहिलो. आणखी कुणाकुणाचं काय काय मी असं देवापुढे मांडलं असेल, ते आठवायचा प्रयत्न करत होतो. आठवत नव्हतं, आणि ज्यांचं मांडलं त्यांना ते नक्की आठवत असणार.

त्या गृहस्थांनी मला निघताना मूठभर खारका दिल्या. मला साखर चालत नाही हे सांगायचं माझ्यात धैर्य नव्हतं.

सातवं घर झालं. आठवं राहिलं. रोज संध्याकाळी वहिनींच्या दारावरून जिना चढायचो आणि त्या विचारायच्या नाहीत. मी मनाशी म्हणायचो की बायको तर तिथं होतीच, तिला सगळं दिसलंय, तिला वेगळं काय सांगायचं. खरी अडचण दुसरी होती. बाकी घरांत वहिनींना दुखावल्याचं सांगून भागत होतं. इथं सांगायचं म्हणजे मला राग का आला ते सांगावं लागणार होतं, म्हणजे वहिनी काय म्हणाल्या ते, आणि ते खरं होतं हे.

एका रविवारी मी उपासनेहून आलो तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अंबाडी निवडत बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो. मी असा कधी बसत नाही, म्हणून तिनं वर पाहिलं. मी सांगितलं की त्या शुक्रवारी सकाळी वहिनी मला बोलल्या. काय बोलल्या तेही सांगितलं. त्या खरं बोलल्या म्हणून मी संतापलो आणि संध्याकाळी त्यांना त्याची शिक्षा दिली, असं म्हणालो.

ती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "बारा दिवस हे त्यांना कुणी मोजून दिले असतील?"

मला तो विचार आलाच नव्हता.

"मीच सांगितलं होतं त्यांना. रडले होते. त्या म्हणाल्या, मी हसत हसत बोलते, भाऊजी माझं ऐकतील." तिनं देठ बाजूला टाकले. "संध्याकाळी तुम्ही प्रार्थनेला उभे राहिलात आणि ते सगळं बोललात. तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळे झालं. त्यांना जाऊन तसं सांगितलंही. तुम्हाला नाही सांगितलं."

का नाही, असं मी विचारलं.

"भीती वाटली. तुमच्या न बोलण्याची सवय झालीय मला. पण त्या दिवशी कळलं की बोलायला लागलात तर माझ्याविषयीही असंच देवाला सांगाल. शुक्रवारी. सगळ्यांसमोर. आणि मला आमेन म्हणावं लागेल."

पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एवढं सलग क्वचितच बोलली असेल. मला काहीतरी म्हणायचं होतं. नेहमी येतात तसे शब्द येऊ लागले, प्रभू, मी तुझा अयोग्य सेवक, असे. माझे डोळे आपोआप मिटले.

"डोळे मिटू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला."

मी डोळे उघडले. ती माझ्याकडे बघत होती, हातात अंबाडीची काडी तशीच धरून. मी बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला अडकलो. पुन्हा केली. ती थांबून राहिली. मदत केली नाही.